वर पाहिल्याचा गुन्हा

खालमुंडी पंथाचा देव आकाशात उघडाच निजतो, म्हणून जो वर पाहील त्याचे डोळे काढायचे, हा तोर्वाल गावचा नेम. ओर्वेना म्हातारीनं काल संध्याकाळी वर पाहिलं, अशी चुगली तिच्या शेजारणीनं केली आणि सगळं गाव माना खाली घालून चौकात जमलं. निखाऱ्यात सळई लाल होत होती.

"काय पाहिलंस गं, थेरडे?" थोरले पुरोहित झेद्राक गरजले.

ओर्वेनाच्या नवऱ्याचे डोळे याच चौकात गेले होते. दोघांत मिळून आता तिचेच काय ते उरले होते.

"निळा चंद्र पाहिला, महाराज," ती म्हणाली. "दुसरा, तांबडा, काही उगवलाच नव्हता."

"थापाडी मेली!" शेजारीण किंचाळली. "तांबडा टेकडीला टेकला होता की!"

"टेकला कुठला?" गर्दीतून लोहार ओरडला. "चांगला कासराभर वर आला होता!"

"आणि ढगाआड होता," झेद्राकांनी दुरुस्ती केली, "म्हणून जरा फिका दिसत होता."

मग चौकात जो तो आपापल्या पायाच्या अंगठ्याकडं बघू लागला.

झेद्राक खाकरले.



"म्हातारीनं वर पाहिलेलंच नाही, हे सिद्ध झालं. डोळे राहू द्या. जीभ तेवढी कापा."