दमल्याचा कागद

"लिही मोळे, कॅप्टन इट्टी चेरियन थकलेत, आज विमान नेऊ शकत नाहीत. एवढंच लिही."

सहवैमानिक अश्वतीने मान वर केली. कोचीच्या विमानतळावरच्या वैमानिकांच्या खोलीत दुपारचे बारा वाजले होते. मस्कतचं विमान दीडला सुटायचं होतं, आणि कॅप्टनच्या हातून सुटलेल्या कपातला चहा टेबलावरून खाली ठिबकत होता.

"सर, तुम्ही?"

सव्वीस वर्षांत या माणसाने एकही उड्डाण सोडलं नव्हतं. कंपनीतल्या सगळ्या तरुण मुलींना ते मोळे, म्हणजे लेकी, म्हणायचे आणि सगळ्यांना पळंपोरी, म्हणजे पिकल्या केळ्याची भजी, खाऊ घालायचे.

खरं सांगायचं तर दमून मेली होती ती अश्वती. तीन दिवस ओळीने पहाटे तीनला उठणं, आणि काल घराशेजारच्या देवळात उत्सव. चेंडा ढोलांच्या दणक्यात जेमतेम दोन तास डोळा लागला होता. डोळ्यांत तिखट गेल्यासारखं झालं होतं. पण या धंद्यात धाकट्याने आधी तोंड उघडायचं नसतं. एकाने थकल्याचा कागद दिला की दुसऱ्याचीही सुटका होते, म्हणून दोघंही जांभई गिळून एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसतात. त्यात अश्वती महिन्याभरात कॅप्टन व्हायची होती. आठ वर्षं वाट बघितली होती तिने. ज्याच्या नावावर असला कागद, त्याची बढती कायमची लोंबकळते, हे शेंबडं पोरही सांगेल.

"सर, पोट बिघडलंय म्हणा ना," ती हळूच म्हणाली. "सगळे तेच करतात. कंपनीच्या डॉक्टरीणबाईंना तोंड दाखवायचं, गोळी घ्यायची, विषय संपला. थकलो म्हटलं की शिवदासन साहेब चौकशी लावतात."

"खोटं कशाला बोलायचं? लावू दे चौकशी. शिवदासनला मी तो सहवैमानिक होता तेव्हापासून ओळखतो."

अश्वतीला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. तिने कागद भरला. सही करताना पेन दोनदा निसटलं आणि सही वेडीवाकडी उमटली. बिचारे, किती दमलेत, तिच्या मनात आलं.

मस्कतचं विमान रद्द झालं. कामावर परतणाऱ्या माणसांनी खिडकीशी आरडाओरडा केला, आणि संध्याकाळपर्यंत कंपनीतल्या पोरांनी इट्टी सरांना वाघ ठरवून टाकलं. एकाने तरी खरं कारण लिहिलं होतं!

चौकशी शुक्रवारी सकाळी होती. बाहेरच्या बाकावर कॅप्टननी अश्वतीला जवळ बसवलं.

"हे बघ, तुला काही दिसलं नाही म्हण. तू कागदपत्रं बघत होतीस. बास."

"पण सर, मी बघितलंय की."

"बघितलं असलं तरी. माझी तीन वर्षं राहिलीत, ती निघून जातील. तुझं आयुष्य पडलंय. माझ्या भानगडीत पडू नकोस."

एवढं होऊनही यांना माझ्या बढतीची काळजी!

आत उड्डाणप्रमुख शिवदासन साहेब ताठ बसले होते. त्यांच्याशेजारी कंपनीच्या डॉक्टर सुहरा नियमापुरत्या बसून ड्युटीचे तक्ते चाळत होत्या.

"आदल्या दिवशी दुपारी तीनला उतरलात," साहेब म्हणाले. "वीस तास मोकळे होते, चेरियन. आम्ही सहा खेपा करून वर बाजारात मासे आणायला जायचो."

"झोप लागली नाही. माणूस आहे मी, पंखा नाही, बटण दाबलं की फिरायला."

"पुरावा? नाहीतर कागद खोटा धरतो आणि उद्यापासून तुम्हाला सहवैमानिकाच्या खुर्चीत बसवतो. परत 'हो सर, हो सर' करा." साहेब अश्वतीकडे वळले. "तू बोल. तुला काय दिसलं? विचार करून बोल हं. तुझा बढतीचा कागद माझ्याच टेबलावर आहे."

कॅप्टन तिच्याकडे बघत होते. मान किंचित नकारार्थी हलली त्यांची.

गप्प राहिली तर या माणसाची अब्रू जाणार होती. बोलली तर आठ वर्षं पाण्यात. गेली तर गेली, तिने ठरवलं.

"सर खरंच दमले होते," ती म्हणाली. "कप हातातून सुटला. पेन दोनदा पडलं. आदल्या दिवशी खुर्चीच्या पट्ट्याची कडी लागेना, शेवटी मी लावली. आणि उतरताना बोलणं असं जड येत होतं, मला दोनदा विचारावं लागलं. इतका दमलेला माणूस मी बघितला नाही, साहेब. बाकी काय करायचं ते करा."

शिवदासन साहेबांनी पेनाला टोपण लावलं. जिंकलो, अश्वतीला वाटलं. तिची छाती हलकी झाली होती.

डॉक्टर सुहरांनी तक्ते बाजूला ठेवून चष्मा काढला.

"कप कुठल्या हातातून सुटला, बाळा?"

"उजव्या."

"पेन?"

"उजव्याच."

"कडी?"

"तीही..." अश्वती थांबली. "उजव्याच हाताने लावत होते."

डॉक्टर उठून टेबलाला वळसा घालून आल्या. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला होता. "कॅप्टन, दोन्ही हात समोर धरा. आणि डोळे मिटा."

कॅप्टननी हात उचलले नाहीत. ते अश्वतीकडे बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता.

"मोळे, गप्प बस म्हटलं होतं ना तुला," ते म्हणाले. "त्या दिवशी मी दहा तास गाढ झोपून आलो होतो."