खालचं एक नाव

"बाकी समदं हाय तसं ऱ्हाऊ दे," आबा म्हणाले. "खालचं तेवढं एक नाव काढ. शुभकार्य हाय, पोरी."

कुठलं नाव, ते सासऱ्यांनी सांगितलं नाही. प्रतिभानं विचारलंही नाही. तिनं की-बोर्ड जवळ ओढला.

शिरूरला हौशीरामच्या छापखान्यात ती सहा वर्षं कॉम्प्युटरवर पत्रिका जुळवत होती. चौदा महिन्यांपूर्वी तिचा सात वर्षांचा स्वराज तापानं गेला. दीड महिन्यानं ती परत याच खुर्चीत येऊन बसली आणि तालुक्याची लग्नं लावत राहिली. घरची पत्रिका मात्र त्यानंतर आज पहिल्यांदाच आली होती. धाकट्या नणंदेची, प्रगतीची. आबा केंदूरहून सकाळच्या एसटीनं आले होते आणि शेजारच्या स्टुलावर, दोन्ही हात काठीवर ठेवून बसले होते.

कॉम्प्युटरचा क्लास तिनं कधी लावला नाही. कुठल्याशा मासिकाबरोबर आलेल्या सीडीत तिला एक टीचभर प्रोग्राम सापडला होता. तो तिनं बटणं दाबून, चुकून, पुन्हा दाबून शिकून घेतला. दोन अक्षरांची खूण ठरवून द्यायची. ती दोन अक्षरं दाबली, की त्यामागं साठवलेला सगळा मजकूर धडाधड पडद्यावर. आळशी बाईचं यंत्र, असं हौशीराम म्हणायचा. पण ते आळसासाठी नव्हतं, भावकीसाठी होतं. एकदा चुलत सासऱ्यांचं नाव दोन ओळी खाली उतरलं, तर ते हळदीला आले नाहीत, आणि लग्नाला आले ते तोंड फिरवून जेवले. तेव्हापासून घरच्या नावांचा क्रम तिनं यंत्रावर सोपवला. यंत्राला मानपान कळत नाही, म्हणूनच ते त्यात चुकत नाही.

घरच्या अशा तीन खुणा होत्या. वरची, वारलेल्या वडीलधाऱ्यांची. त्यांच्या कृपाशीर्वादानं कार्य व्हायचं. मधली भावकीची. आणि खालची किलबिल, म्हणजे 'आमच्या आत्याच्या लग्नाला यायचं हं!' म्हणणारी घरातली सगळी पोरं. म्हातारं माणूस गेलं की पत्रिकेत वर चढतं. पोर गेलं की त्याला पत्रिकेत जागाच उरत नाही.

ती खालची खूण तिनं चौदा महिने दाबली नव्हती. दाबली की नाव येणार, आणि ते तिलाच पुसावं लागणार. काम तसं केवढं? एक नाव आणि त्याच्यामागचा एक स्वल्पविराम.

तिनं खूण दाबली. चि. यशराज, कु. ओवी, कु. म्हाळसा, चि. दादा.

नाव नव्हतं.

तिनं ओळ दोनदा वाचली. मग मान वर केली. "हौशीरामभाऊ, माझ्या खुणांना कुणी हात लावला?"

हौशीराम कागद कापायच्या मशीनमागून पुढं आला. "शनवारी माऊली आलता, वहिनी. तुम्ही जेवायला गेलावता तवा. तासभर बसला. एका बोटानं करत होता."

माऊली म्हणजे तिचा नवरा. दुधाचा टेम्पो चालवायचा. पोर गेलं त्या आठवड्यातच त्यानं दप्तर, बूट, सायकल, सगळं कुणाकुणाला देऊन टाकलं होतं. त्यानंतर पोराचं नाव त्याच्या तोंडून तिनं एकदाही ऐकलं नव्हतं. ती रडायला लागली की तो उठून टेम्पो धुवायला जायचा. गावातला सगळ्यात स्वच्छ टेम्पो होता तो.

आणि नाव पुसायला मात्र हा माणूस शिरूरपर्यंत आला. ती नसताना. वेळ साधून. ज्याला घरातल्या रेडिओचं स्टेशन लावता येत नाही, तो तासभर बसून हे शिकला. आज घरी गेल्यावर ती त्याला विचारणारच होती, तुझं काळीज कशाचं आहे म्हणून.

"वरचं बी टाक," आबा म्हणाले. "एकदाच वाचून घेतो."

तिनं वरची खूण दाबली, बटण मोडेल अशी. आबांनी चष्मा लावला, पडद्याला बोट टेकवलं आणि सावकाश वाचू लागले. कै. तात्याबा, त्यांचे वडील. कै. साखरबाई, त्यांची आई. बोट तिसऱ्या ओळीवर उतरलं आणि थांबलं.

तिथं लिहिलं होतं, चि. स्वराज.

आबांचं बोट पडद्यावरून निघेना.

"आरं," ते म्हणाले, "ह्ये हितं कसं आलं?"

हौशीराम हातातल्या कागदाच्या उगाच घड्या घालत राहिला. "म्या त्याला पुसायचं बटण दावलं हुतं, आबा. तर म्हणला, पुसलं की ते जातं कुठं? म्हटलं, कुठं जात न्हाई, संपतं. मग त्यानं ते तिथनं उचललं आन् वर नेऊन ठिवलं. म्या म्हटलं बी, माऊली, ही जागा आशीर्वाद देणाऱ्यांची हाय, लेकराची न्हाई." तो प्रतिभाकडं बघत नव्हता. "तर म्हणला, 'आशीर्वादाचं न्हाई हो. माझ्या आजीपाशी आसू द्या. त्याला एकट्याला झोप लागत न्हाई.'"