मायक्रोस्कोपची सुट्टी

मायक्रोस्कोपला आज सुट्टी होती. खंडेनवमी. त्याच्या गळ्यात झेंडूचा हार होता. कुंकू लावायला त्याचं कपाळ नक्की कुठे, यावर सकाळी थोडी चर्चा झाली आणि शेवटी जिथे डोळा लावतात तिथेच कुंकू लागलं. इन्क्युबेटरलाही हार होता. फ्रिजपुढे नारळ. अंबरनाथ एमआयडीसीतल्या त्या लॅबमध्ये आज काम फक्त माणसांना होतं.

"सर, पाच मिनिटं बघू? पेशींच्या बशा आजच तयार झाल्यात," मनाली म्हणाली.

"पूजेतल्या हत्याराला उद्या दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही," नरेंद्र सर म्हणाले. त्यांची पीएचडी कॅन्सरवर होती. "मागच्या वर्षी तू सेंट्रीफ्यूज लावलंस. काय झालं?"

"लाइट गेली."

"अख्ख्या एमआयडीसीची गेली."

"शुक्रवार होता सर. शुक्रवारी जातेच."

सरांनी हात जोडले, मनालीला नाही, मशीनला, आणि ते प्रसादाकडे वळले.

मनालीपुढे दोन बशा होत्या. दोन्हींत माणसाच्या कातडीच्या पेशी वाढवलेल्या. कोणत्या माणसाच्या, ते लॅबला माहीत नव्हतं. त्या माणसालाही नसावं. एका बशीत काहीच घातलं नव्हतं. दुसरीत 'सॅम्पल एन', तपासायला आलेली एक निळी पावडर, चिमटीहून कमी. बाटलीवर कंपनीचं नाव नसतं. नाव कळलं की बघणाऱ्याचा डोळा बिघडतो, असं सर म्हणत.

चांगल्या पेशींना एकच शहाणपण असतं. पसरत जायचं, आणि शेजारणीचा स्पर्श झाला की थांबायचं. बिघडलेल्या, कॅन्सरच्या वाटेला लागलेल्या, थांबत नाहीत. त्या एकमेकींच्या अंगावर चढतात, पलीकडे पालेगावात बिल्डरांचे टॉवर चढत जातात तशा.

बाटलीवर नाव नव्हतं, पण रंग निळा होता. आणि तो निळा महिनाभर मनालीच्या घरी रोज जेवायला येत होता. तिचा धाकटा भाऊ करण उल्हासनगरला जीन्स धुण्याच्या कारखान्यात होता. तिथे रंगाच्या नव्या पावडरची ट्रायल चालू होती. घरातला साबण निळा, टॉवेल निळा, नळावर निळी बोटं. परवा करण शिंकला तर रुमाल निळा झाला. आई म्हणाली, "अगंबाई, कृष्णच गं माझा!"

निळा तो निळाच, मनाली स्वतःला समजावत होती. अर्धं उल्हासनगर याच धंद्यात आहे.

फोन वाजला. "ताई, गेटवर ये ना. पेढे आणलेत."

करणच्या बाइकलाही हार होता. हार घातलेल्या बाइकवरून तो सरळ उल्हासनगरहून आला होता. वाहनांना सुट्टी द्यायची असते हे त्याच्या सेठला मान्य नव्हतं.

"उद्या मुहूर्तावर सेठ मला पावडर रूम देतोय. इन्चार्ज! पक्की नोकरी. एसी नाही, पण दरवाजा आहे."

"मास्क देणार का?"

"इन्चार्जला कशाला मास्क? तो बाकीच्यांना सांगणार, मास्क घाला."

"करण..."

"एकच लोचा आहे. बाहेरच्या पार्टीला सर्टिफिकेट पाहिजे, की पावडरने कॅन्सर वगैरे होत नाही. सेठने सॅम्पल इथेच अंबरनाथला कुठल्या तरी लॅबमध्ये टाकलंय." त्याने डोळा मारला. "तुमच्याकडे असेल तर जरा बरा रिपोर्ट दे ना ताई. घरच्या माणसासाठी."

त्याने पेढा पुढे केला. पेढ्यावर त्याच्या अंगठ्याचा निळा ठसा होता, आधार कार्डाला चालेल इतका स्पष्ट.

"इथेच राहा. आले मी," मनाली म्हणाली आणि पेढा घेऊन आत धावली.

पेढा तिने बाटलीशेजारी धरला. मग बाटली पेढ्याशेजारी धरली. फरक पडला नाही.

सर नारळ फोडायला मागच्या दारी गेले होते. तिने मायक्रोस्कोपचा हार काढला. देवाचा हार खाली ठेवू नये, म्हणून स्वतःच्या गळ्यात घातला. आणि कुंकवावर डोळा टेकवला.

पहिली बशी. पुसलेल्या लादीसारखी सपाट. सगळ्या जणी कडेला कड लावून गप्प.

दुसरी बशी. ढीग. तिने बशी जरा सरकवली. अजून एक ढीग, गर्द, उंच. परत सरकवली. सरकवायला जागा होती तोवर सरकवली.

लाइट गेली नाही. जावी असं तिला पहिल्यांदाच वाटलं.

ती बाहेर आली तेव्हा करण बाइकवर बसला होता. तिच्या गळ्यातला हार आणि डोळ्याभोवतीचं लाल कडं बघून त्याला हसूच फुटलं. "काय गं, मशीन समजून तुझीच पूजा केली काय?"

"तू उद्या जाऊ नकोस."

"येडी झालीस काय? मुहूर्त आहे."

"आणि रिपोर्ट खराब आला तर?"

करणचं हसू ओसरलं, मग परत आलं. "तर सेठ दुसरीकडे सॅम्पल टाकेल. लॅब काय कमी आहेत? पावडर तीच राहणार, रूम तीच राहणार." त्याने तिच्या मुठीकडे पाहिलं. "पेढा नाही खाल्लास?"

मनालीच्या मुठीत पेढ्याचा लगदा झाला होता. सगळा निळा.

"चल, सेठ बोंबलत असेल," म्हणत त्याने किक मारली. हारातली दोन फुलं गळून चाकाखाली गेली. बाइक पुढे सरकली.

मनालीने पुढे होऊन त्याच्या हाताला नुसता हात लावला.

इंजिन धडधडत राहिलं. करण थांबला.