सगळं कबूल

"शेवटचा लाडू तुम्ही खाल्लात?"

"हो. मीच."

लाडू तिनंच खाल्ला होता.

बॉम्बस्फोटाच्या संशयावरून पकडलेला तिचा नवरा कित्येक वर्षांनी निर्दोष सुटून घरी आला होता. पोलिसांनी बडवून बडवून त्याच्याकडून सगळं वदवून घेतलं होतं. तो कोठडीत असताना झालेला एक स्फोटसुद्धा. ती सवय त्याच्याबरोबर घरी आली. दूध नासलं, नळ गळला, शेजाऱ्यांचा पोपट उडाला, सगळं त्याला कबूल. पूर्वी हाच माणूस चहात साखर कमी पडली तरी तासभर भांडायचा. तिला तो भांडखोर नवरा परत हवा होता.

आज जेवताना तिनं इतके दिवस मनात ठेवलेलं विचारून टाकलं. "तिथं साथीदार म्हणून माझंही नाव घेतलंत?"

"नाही."

वाढता वाढता तिचा हात थांबला. "घेतलं असेल हो. एवढा मार कुणाला सोसतो?"

"नाही म्हणतोय ना!" त्यानं ताट ढकललं. "सगळ्या गल्लीची नावं सांगितली, तुझं नाही घेतलं! डोकं फिरलंय का तुझं?"

पदरानं डोळे पुसत ती मुद्दाम म्हणाली, "काही सांगू नका मला. घेतलंच असणार!"