पहिलंच दार

"जागा नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि त्यांनी डोकं पुन्हा कामात घातलं.

पुष्पलता हलली नाही. बिडीच्या कारखान्याला आदल्याच दिवशी कुलूप लागलं होतं, आणि सकाळ होताच ती धंतोलीतल्या या दवाखान्यात येऊन उभी राहिली होती. इथून हललं की दुसरं दार, मग तिसरं. प्रत्येक दारात तेच बोलायचं. अंगात होतं नव्हतं तेवढं बळ तिनं या पहिल्याच दारात खर्चून टाकलं होतं.

"काहीबी करीन जी. फरशी पुसीन, चादरी धुवीन. पेशंटचं हागणंमुतणं काढीन."

"केलंयस कधी?"

"घरी तेच करून राहिली, बाई. मालक पडले ना जी इमारतीवरून. तवापासून खाटेवरच हायेत."

डॉक्टरीणबाईंनी वर पाहिलं. दवाखाना नवऱ्याचा, पण माणसं ठेवायची-काढायची त्यांच्याच हातात. "अगं, पण आया आहे आमच्याकडे. एका दवाखान्याला किती आया लागतात?"

त्यांचं बोलणं पुरं होतं न होतं तोच आतल्या खोलीत भांडं आपटलं आणि कुणीतरी जिवाच्या आकांतानं ओरडलं.

दोघी धावल्या. पोटाचं ऑपरेशन झालेली एक जाडजूड म्हातारी खाटेवरून अर्धी खाली लोंबत होती. तिच्या कमरेला मिठी मारून आया प्रयागबाई जमिनीवर गुडघे टेकून बसली होती. म्हातारीला उठवता उठवता तिचेच गुडघे गेले होते. ना तिला उठता येत होतं, ना सोडता येत होतं.

"टाके तुटतील तिचे! उचल ना, प्रयाग!" डॉक्टरीणबाई किंचाळल्या.

पुष्पलतानं पदर खोचला. खाटेला गुडघा टेकवून तिनं एक हात म्हातारीच्या काखेखाली घातला, दुसरा मांड्यांखाली. "माये, माह्या गळ्यात हात टाक. घट्ट. आता दम नोको धरू, सोड." म्हातारीचा श्वास सुटला तशी तिनं तिला अलगद वर घेतलं आणि उशीवर टेकवलं. रोज सकाळी नवऱ्याला, नानाजीला, ती असंच उचलायची.

म्हातारीचं विव्हळणं हळूहळू थांबलं. डॉक्टरीणबाईंनी पट्टी उघडून टाके पाहिले, सुस्कारा सोडला. मग त्यांनी पुष्पलताकडे पाहिलं. मग खाली, खाटेचा पाय धरून उठू पाहणाऱ्या प्रयागबाईकडे.

"उद्यापासून येशील?"

पुष्पलतानं प्रयागबाईकडे बोट केलं. "आन्‌ या बाई?"

"तिचं मी बघते. तिच्यानं होत नाही आता, तीही जाणते. तुला यायचंय का ते सांग. नाहीतर मी दुसरी पाहते."

प्रयागबाई तोवर उठून उभी राहिली होती. पडलेलं भांडं उचलून ती पदरानं पुसत होती, जणू त्या खोलीत तिच्याविषयी काही बोलणं चाललेलंच नव्हतं.

नाही म्हणावं, असं पुष्पलताला वाटलं. खरंच वाटलं. पण सकाळी निघताना धाकट्या लेकीनं पिठाचा डबा उघडून आत पाहिलं होतं आणि पुन्हा झाकण लावलं होतं.

"येईन जी," ती म्हणाली.

बाहेर फाटकाशी येऊन ती थांबली. आनंदानं पळत घरी जायचं, तर पाय उचलेनात. ऊन चढत होतं. समोरून आजाऱ्यांना घेऊन रिक्षा चालल्या होत्या.

बऱ्याच वेळानं प्रयागबाई बाहेर आली. हातात कापडी पिशवी, तिच्यातून एक जुनं लुगडं डोकावत होतं. पुष्पलताला पाहून ती थबकली.

"मावशी, शिव्या दे मले," पुष्पलता म्हणाली. "पण अशी चुपचाप नोको जाऊ."

"काहून देऊ वं शिव्या? तू नसती तं ती म्हातारी माह्या हातून मेली असती." प्रयागबाईनं पिशवी खाली ठेवली, गुडघे चोळले. "रातभर कण्हते ते. पानी मांगते. देऊ नोको, नुसते ओठ ओले कर. आन्‌ सुई टोचाले आले का तिले तुहा हात धरू दे."

पुष्पलतानं मान हलवली.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दवाखान्यांच्या पाट्या लागलेल्या होत्या. प्रयागबाई त्या पाट्यांकडे पाहत राहिली. तिला वाचता येत नव्हतं. इतकी वर्षं या रस्त्यानं ये-जा केली, पण त्यांच्याकडे बघण्याची तिला कधी गरजच पडली नव्हती.

"एक सांगशील वं?" तिनं खालच्या आवाजात विचारलं. "मले कधी काम मांगाच नाही लागलं. मोठे डाक्टर, म्हंजे बाईचे सासरे, होते तवा, त्याहिनंच घरून बलावून आनलं होतं. दारात उभं राहून काय म्हना लागते?"

पुष्पलतानं तिचे दोन्ही हात हातात घेतले आणि सांगितलं.

प्रयागबाईनं ते शब्द ओठांतल्या ओठांत एकदा म्हणून पाहिले. अडखळली. पुन्हा म्हटले. मग डोक्यावरचा पदर सारखा केला, पिशवी उचलली आणि गुडघ्यावर हात ठेवत शेजारच्या दवाखान्याची पायरी चढू लागली.