आईची सही

विद्यार्थ्यांच्या तक्रारी ऐकायला विद्यापीठानं चार कॉलेजांची मिळून समानता समिती नेमली. महाडच्या कॉलेजाकडून एक बाई कमी पडत होती, तीही मागासवर्गातली हवी होती. प्राचार्यांनी शिपाई बनुबाईंचं नाव घालून टाकलं.

"मी आता कमिटीत हाय," बनुबाई वस्तीभर सांगत सुटल्या. त्यांची मुलगी अनुपमा त्याच कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती. आईनं अंगठा उठवायचा नाही, म्हणून तिनं जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर महिनाभर तिच्याकडून सही गिरवून घेतली.

बैठकीत बनुबाई चहा द्यायच्या. त्या कपबशा उचलत असताना समितीचे साहेब रजिस्टर पुढं सरकवायचे, बोट ठेवायचे, "इथं." त्या सही करायच्या. काय ठरलं ते त्यांना कुणी कधी वाचून दाखवलं नाही.

श्रावणात एका सरांनी अनुपमाला केबिनमध्ये बोलावून तिचा हात धरला. घरी तोंडानं सांगायचा तिला धीर होईना. समितीत आई आहे, तिथं ती ऐकेलच, अशा भरवशावर तिनं तक्रार लिहून दिली. मग रोज ती आईच्या बोलण्याची वाट बघत राहिली. आई काही बोलली नाही.

दिवाळीच्या तोंडावर ठरावाची प्रत घरी आली. तक्रारीत तथ्य नाही, सर्वानुमते निकाली. खाली पाच सह्या.

बनुबाई मुलीच्या खांद्यावरून वाकल्या आणि त्यांनी तिसऱ्या सहीवर बोट ठेवलं.

"ही माजी ना गो? बघ, आता कशी सरळ येते."