पापणीवरचं हाड

ताराचंदनं ब्रश रंगात बुडवला आणि बायकोला म्हटलं, "तू बाहेर हो वं."

"हा का देव आहे?" पंचफुला म्हणाली आणि जागची हलली नाही.

मूर्तिकारांच्या चितार ओळीतल्या त्या कारखान्यात डोळे काढताना कोणी थांबत नसे. मूर्तीची पहिली नजर माणसावर पडू नये, अशी घरची रीत. पडदा ओढायचा, ताराचंद एकटा आत, आणि तो बाहेर आला की गणपती आपल्याकडे बघायला लागलेला असायचा. मंडळंही त्या डोळ्यांसाठीच यायची. बाकी मूर्ती काय, कोणीही करतं. पण आज समोर होता अँकिलोसॉरस, मनीषनगरातल्या एका बागेसाठी फायबरचा केलेला डायनासोर. त्याला कोणी आरती ओवाळणार नव्हतं. शिवाय पंचफुलाचे पाय दुखत होते. ती स्टुलावर बसून राहिली.

डायनासोरचं डोकं तिनंच घडवलं होतं. बागेचा ठेकेदार शरच्चंद्र यानं मोबाइलवर चित्रं पाठवली होती, ती बघून. रेड्याहून कितीतरी रुंद, बुटकं जनावर. पाठभर कातडीतच उगवलेल्या हाडांच्या ढाली. शेपटीच्या टोकाला हाडाचा गोळा, एका फटक्यात समोरच्याची तंगडी मोडेल असा. आणि एवढा सगळा सरंजाम अंगावर वागवून खायचं काय, तर झाडाचा पाला! ताराचंदला ते जनावर भारी आवडलं होतं. "कोनाच्या अध्यात ना मध्यात," तो म्हणायचा. "कोनी अंगावर आलं तं पळत नाही, पोट जमिनीले चिकटवून बसते. तेवढं पोटच नरम आहे बिचाऱ्याचं."

आता त्यानं डावा हात पुढं केला, अंगठा त्या डोक्यावर टेकवला आणि हळूहळू सरकवत नेला. धूळ पुसत असेल, असं पंचफुलाला वाटलं. मग तिनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं. तोंड भलतीकडेच होतं, भिंतीकडे. तो बघतच नव्हता. अंगठ्यानं शोधत होता.

देवाच्या चेहऱ्याला डोळ्याची खोबण असते. जन्मभराच्या सवयीनं त्याचा अंगठा आपोआप तिच्यात उतरत असणार. इथं खोबण नव्हती. जिकडे तिकडे उंचवटे, आणि डोळ्यावरसुद्धा पंचफुलानं चित्रातल्यासारखं पापणीचं जाड हाड बसवलेलं. अंगठा त्यावरून गेला, परत आला, आणि थांबला नाही. खाली गालावर फुटलेल्या शिंगाशी त्याला एक खळगा लागला. ताराचंदनं तिथं डोळा काढला.

सुरेख काढला. काळंभोर बुबुळ, त्यात पांढरा ठिपका, कडेला किंचित तांबूस ओल. एवढ्या ओबडधोबड जनावराला इतका मायाळू डोळा, आणि तो गालावर.

रोज संध्याकाळी पंचफुला त्याच्या डोळ्यांत औषधाचे थेंब टाकायची. लांबचं धुकट दिसते, जवळचं बराबर दिसते, असं तो सांगायचा आणि तिनं ते मानलं होतं. तिला मागच्या वर्षीचे गणपती आठवले. ते सगळे पडद्याआड असेच झाले होते तर! तिला रडू आलं, आणि त्याहून जास्त राग आला. बायकोपासून कसला पडदा?

"कसा दिसून राहिला?" त्यानं विचारलं.

ती स्टुलावरून उठून जनावराजवळ आली. तेवढ्यानंच तो उमजला.

"चुकला का वं?"

"त्याच्या पापणीवर बी हाड आहे जी," ती म्हणाली. "मी तुमाले सांगितलंच नाही. माहं चुकलं."

"मंग कुठी निघाला?"

"गालावर."

ताराचंदनं मान खाली घातली. ब्रशवरचा रंग त्याच्या पायावर ठिबकला, ते त्याला कळलंही नाही.

"पापणी आहे म्हणते तं मिटत असन ते," तो म्हणाला.

"असन."

"मिटून टाक मंग. दोनी."

तिनं चिंधीनं तो ओला डोळा पुसला. पुसताना जिवावर आलं. मग तिनं पापणीच्या हाडाखाली काळी रेघ ओढली. पलीकडच्या बाजूलाही तशीच.

रेघा वाळतात न वाळतात तोच शरच्चंद्र आला. शेजारच्या कारखान्यात ग्राइंडर सुरू झाला होता, त्यामुळे तो ओरडूनच बोलला. "क्या बात है काका! झोपवून टाकला न त्याले! पोट्टे खूश होतीन." त्यानं जनावराच्या पाठीवर थाप मारली. "अन् आयका, यंदा आमच्या मंडळाचा गणपती तुमच्याचकडं. मूर्ती काकूनं करो का कोनी करो, डोळे तुमच्याच हातचे पाहिजे. सगळ्याइचं तेच म्हणणं आहे."

ग्राइंडर कानठळ्या बसवत होता. उचलायला माणसं आणतो, अशी पंचफुलाला हातानंच खूण करून शरच्चंद्र गल्लीच्या तोंडाशी उभ्या ट्रककडे गेला.

ताराचंदनं ब्रश खाली ठेवला. हात धोतराला पुसले. जिथं थाप पडली होती तिकडे, त्या हाडांच्या ढालींकडे, तोंड करून तो उभा राहिला.

"शरदभाऊ, राग नका मानू," तो मोठ्यानं म्हणाला. "डोळे आता माझ्यानं नाही होत. मले दिसत नाही. मागच्या वर्षी बी दिसत नव्हतं, मी कोनाले बोललो नाही. मंडळवाल्याइले तुमीच सांगून द्या."

ग्राइंडर थांबला. तो तसाच उभा होता, मान किंचित पुढं करून.

"काय वं, नाराज झाले का ते?"

पंचफुलानं दाराकडे पाहिलं. दारात कोणी नव्हतं.

"नाही," ती म्हणाली. "काहीच नाही म्हणले."